जोशुआ ट्री पश्चिमेचं की पूर्वेचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, मोहावे वाळवंटात वाढणाऱ्या जोशुआ ट्रीच्या दोन जाती आहेत. युक्का ब्रेव्हिफोलिया हे पश्चिमेचं जोशुआ ट्री आणि युक्का जेगेरियाना हे पूर्वेचं. दोन्ही इतकी सारखी दिसतात की बरीच वर्षं त्यांना एकच धरलं जात होतं. आता कॅलिफोर्नियात पश्चिमेच्या झाडासाठी स्वतंत्र कायदा आहे आणि पूर्वेच्या झाडाला तो लागू नाही. त्यामुळे समोरचं झाड कोणतं, हा प्रश्न नुसत्या हौसेचा राहिलेला नाही. लॉस एंजेलिस, लास वेगास किंवा ॲरिझोनाकडे राहणारे, आणि तिकडे फिरायला जाणारे मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र घेतले आहेत.

या दोन वेगळ्या जाती आहेत हे ठरलं कधी?

टप्प्याटप्प्याने. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज एंगेलमन यांनी १८७१ मध्ये युक्का ब्रेव्हिफोलिया हे नाव दिलं. पूर्वेकडची झाडं बुटकी आणि आखूड पानांची असतात म्हणून सुझन डेलानो मॅकेल्व्ही यांनी १९३५ मध्ये त्यांना ब्रेव्हिफोलियाचाच एक प्रकार ठरवून जेगेरियाना हे नाव दिलं. वाळवंटाचे अभ्यासक एडमंड जेगर यांच्यावरून ते आलं. २००३ मध्ये ओले पेल्मिर आणि कारी सेग्रेव्हज यांनी दाखवून दिलं की दोन्हीकडच्या झाडांचं परागण करणारे पतंगसुद्धा दोन वेगळ्या जातींचे आहेत. त्यानंतर २००७ मध्ये ली लेन्झ यांनी पूर्वेच्या झाडाला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. म्हणजे कागदोपत्री पतंग आधी वेगळे झाले, झाडं मागाहून.

जुन्या पुस्तकांत आणि काही सूचींत जेगेरियाना अजूनही ब्रेव्हिफोलियाच्या पोटात सापडेल. चूक म्हणण्यासारखं त्यात काही नाही, पण कायद्याची कागदपत्रं भरताना तो हिशोब चालत नाही.

युक्काच्या एवढ्या जाती आहेत, मग याच दोघींना जवळच्या का म्हणायचं?

फळामुळे. युक्कांचे गट पाडताना फळ पाहतात. काहींचं फळ गरदार असतं, काहींचं वाळून फुटतं आणि बी बाहेर पडतं. जोशुआ ट्रीचं फळ यातलं काहीच करत नाही. ते आतून कोरडं, स्पंजासारखं होतं आणि न फुटताच गळून पडतं. अशा फळाच्या गटात या दोनच जाती आहेत.

लांबून पाहून ओळखता येतं का?

अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही. ठरलेलं वर्णन असं: पश्चिमेच्या झाडाला एक स्पष्ट खोड असतं, ते माणसाच्या उंचीपर्यंत किंवा त्याहून वर सरळ जातं आणि मग फांद्या फुटतात. मोठी झाडं १० मीटरच्या पुढेही जातात. पूर्वेचं झाड जमिनीपासून मीटरभराच्या आतच दुभंगतं, पुन्हा पुन्हा दोन-दोन फाटे फुटत जातात आणि त्याचा आकार गोलसर, दाट होतो. उंची बहुधा ३ ते ६ मीटर.

या वर्णनात नीट बसणारं झाड दिसलं तर छानच. पण वस्तीच्या कडेची, जळून पुन्हा फुटलेली, वाऱ्याने मोडलेली झाडं त्यात बसत नाहीत, आणि लोक नेमके त्यांचेच फोटो काढतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी जागा, मग फूल, मग पान, आणि झाडाचा आकार सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमके उलटे जातात.

कोणत्या भागात कोणतं झाड?

पश्चिमेचं झाड प्रामुख्याने कॅलिफोर्नियाचं. लँकेस्टर आणि पामडेल ज्या अँटिलोप व्हॅलीत आहेत ती संपूर्ण दरी, व्हिक्टरव्हिल आणि हेस्पेरिया, सॅडलबॅक ब्यूट स्टेट पार्क, डेथ व्हॅली नॅशनल पार्कमधलं ली फ्लॅट, सगळीकडे ब्रेव्हिफोलियाच. जोशुआ ट्री नॅशनल पार्कमधली झाडंही हीच. तिथे ती पार्कच्या उंच आणि थंड पश्चिम भागात, म्हणजे ब्लॅक रॉक, हिडन व्हॅली, क्वीन व्हॅली या बाजूला आहेत. दक्षिणेच्या दाराने आत शिरलात तर कॉलोराडो वाळवंटाच्या सखल पट्ट्यात एकही जोशुआ ट्री दिसणार नाही. पुष्कळ लोक तिथूनच हिरमुसून परततात.

पूर्वेचं झाड नेव्हाडाच्या दक्षिण भागात, युटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, वायव्य ॲरिझोनात आणि कॅलिफोर्नियाच्या पूर्व कडेला. लास वेगासच्या मागे माउंट चार्ल्सटनकडे चढणाऱ्या रस्त्यांवर, सर्चलाइटजवळच्या वी थम्प अभयारण्यात, मोहावे नॅशनल प्रिझर्व्हमधल्या सिमा डोमवर आणि ॲरिझोनात विकेनबर्गच्या पुढे ९३ नंबरच्या हायवेवर जेगेरियाना दिसतं.

मात्र नेव्हाडा म्हटलं की पूर्वेचंच, असं समजू नका. नेव्हाडाच्या पश्चिम भागात, गोल्डफील्डच्या आसपास, पश्चिमेचं झाड आहे. राज्याची सीमा आणि जातीची सीमा एक नाही.

लॉस एंजेलिसहून लास वेगासला जाताना दोन्ही पाहता येतील का?

येतील, तेही गाडी फारशी न वळवता. १५ नंबरच्या हायवेने काहोन खिंड चढून वर आलात की हेस्पेरिया-व्हिक्टरव्हिल पट्ट्यात दिसतात ती पश्चिमेची. बार्स्टोच्या पुढे रस्ता उतरत जातो आणि झाडं नाहीशी होतात. बेकर समुद्रसपाटीपासून जेमतेम २८० मीटरवर आहे, तिथे क्रिओसोटची झुडपं आणि उघडी जमीन एवढंच. जोशुआ ट्रीला ही उंची मानवत नाही, त्याला हिवाळ्याची थंडी लागते. बेकर सोडून रस्ता हॅलोरन समिटकडे चढू लागला की झाडं परत सुरू होतात, पण आता ती पूर्वेची असतात. सिमा रोडच्या एक्झिटला उतरून दक्षिणेला गेलात तर सिमा डोमवर पोहोचता, तिथलं बरंच रान २०२० च्या आगीत जळलं आहे.

मधला हा सखल, मोकळा पट्टा नीट पाहून घ्या. दोन्ही जातींना वेगळं ठेवणारी जागा नकाशावर दिसण्याऐवजी इथे काचेतून दिसते.

फुलात नेमका काय फरक आहे?

जागेनंतर सगळ्यात भरवशाची खूण हीच. पश्चिमेच्या झाडाचं फूल जवळपास गोल असतं. पाकळ्या जाड, मांसल, हिरवट पांढऱ्या आणि आत वळलेल्या. पूर्ण उमललं तरी कळी अर्धवट उघडल्यासारखंच दिसतं. पूर्वेचं फूल अरुंद घंटेसारखं, पाकळ्या त्या मानाने पातळ.

याहून मोठा फरक आत असतो. बीजांडकोश म्हणजे जिथे बी धरतं तो भाग. त्याच्यावरच्या कुक्षीवृंताची, म्हणजे देठासारख्या भागाची, नळी पश्चिमेच्या फुलात लांब आणि पूर्वेच्या फुलात आखूड. विल्यम गॉडसो आणि सहकाऱ्यांनी दोन्ही झाडांची मापं घेतली तेव्हा झाडाच्या इतर मापांपेक्षा या नळीच्या लांबीतला फरक जास्त ठळक निघाला. शेंड्यावरचं फूल तोडून उभं चिरून पाहिलं तर हे दिसतं. पण पार्कमध्ये किंवा दुसऱ्याच्या जमिनीवर ते करू नका, आणि कॅलिफोर्नियात पश्चिमेच्या झाडाचं फूल तर परवान्याशिवाय कुठेच तोडू नका. खाली गळून पडलेली ताजी फुलं पुष्कळदा सापडतात, पण तीही पार्कमधून उचलून न्यायची नाहीत, जागेवरच पाहून ठेवायची.

फुलं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात, पण दर वर्षी येतीलच असं नाही. थंडी आणि पाऊस जुळून आला तर २०१३ सारखं एखादं साल सगळं रान फुलवून जातं. २०१८ मध्ये तर नोव्हेंबरमध्येच पुष्कळ झाडं फुलली होती. फुलांचा वास घ्यायला फार उत्सुक असू नका, तो सुखद नाही.

पतंगाचा या सगळ्याशी काय संबंध?

युक्काचा पतंग परागकण चुकून नेत नाही, मुद्दाम गोळा करतो. मादीच्या तोंडापाशी दोन लवचीक सोंडा असतात. त्यांनी ती परागांचा गोळा करून हनुवटीखाली धरते, दुसऱ्या फुलावर जाते, अंडी घालते आणि मग गोळ्यातले पराग कुक्षीवर, म्हणजे कुक्षीवृंताच्या टोकावर, दाबून भरते. फळ धरलं तर तिच्या अळ्यांना बिया खायला मिळतात. अळ्या सगळ्या बिया खात नाहीत, उरलेल्या झाडाच्या वाट्याला येतात.

जोशुआ ट्रीवरच्या पतंगांत एक खास गोष्ट आहे. मादी अंडी घालण्याची नळी कुक्षीवृंतातून खाली घालत बीजांडांपर्यंत पोहोचवते. त्यामुळे वृंताची लांबी आणि तिच्या नळीची लांबी जुळावी लागते. पश्चिमेकडे टेजेटिक्युला सिंथेटिका हा आकाराने मोठा पतंग आहे, पूर्वेकडे त्याहून लहान टेजेटिक्युला अँटिथेटिका. लांब वृंताच्या फुलाला मोठा पतंग, आखूड वृंताच्या फुलाला लहान. आपल्या नेहमीच्या झाडावर पतंगाच्या अळ्या जास्त निपजतात, परक्या झाडावर कमी.

मार्च-एप्रिलमध्ये फुलं दिसली तर उमललेल्या फुलात हळूच डोकावा. पतंग दिवसाही आत बसलेला सापडू शकतो. फुलाला धक्का लावू नका, तो उडत नाही तर खाली पडतो. सुकलेल्या फळाला छोटं गोल छिद्र दिसलं तर ती अळी बाहेर पडल्याची खूण. अळी मातीत जाऊन कोष करते आणि सोयीचं वर्ष येईपर्यंत तिथेच थांबू शकते.

पतंगाची वाट न पाहता फळ मिळेल का? नाही. मधमाश्या येतात, पण त्यांनी काम होत नाही.

दोन्ही जाती एकत्र कुठे आहेत? संकर होतो का?

होतो. नेव्हाडातल्या लिंकन काउंटीत टिकाबू व्हॅली आहे, तिच्यातून ३७५ नंबरचा रस्ता जातो. या दरीत दोन्ही झाडं शेजारीशेजारी उभी आहेत आणि दोन्ही पतंगही आहेत. क्रिस्टोफर स्मिथ आणि इतरांचं बरंचसं संशोधन याच जागेवर झालं आहे. मधल्या मापाची, संकरित झाडं तिथे सापडतात. म्हणजे पतंगांची निवड कडक असली तरी अगदी शंभर टक्के नाही.

टिकाबूमधल्या एकट्या झाडावर जातीचं नाव चिकटवण्याच्या फंदात पडू नये, हे आमचं स्पष्ट मत. तिथली नोंद करायची तर 'जोशुआ ट्री' एवढंच लिहा आणि मापं सोबत द्या.

पान मोजायचं कसं?

लोक झाडाच्या मधोमध उभी असलेली कोवळी पानं मोजतात किंवा खोडाला चिकटलेली वाळकी. दोन्ही चुकीची. मधली पानं अजून वाढत असतात आणि वाळलेली टोकं मोडलेली असतात. हिरव्या झुबक्याच्या बाहेरच्या बाजूची, पूर्ण वाढलेली, टोक शाबूत असलेली पाच पानं निवडा. तीही वेगवेगळ्या फांद्यांवरची. तळाशी पान रुंद होऊन खोडाला धरतं तिथपासून काट्याच्या टोकापर्यंत टेप लावा आणि पाचांची सरासरी काढा. पान तोडू नका. हातात जाड मोजे हवेतच, कारण टोक टोचून मोडलं की कातडीत राहतं.

पश्चिमेच्या झाडाचं पान साधारण १५ ते ३५ सेंमी, पूर्वेचं बहुतेक वेळा २२ सेंमीच्या आत. सरासरी २८ आली तर पश्चिमेचं म्हणायला हरकत नाही. १८ आली तर निकाल लागत नाही, कारण कोरड्या जागेतलं, उपाशी पश्चिमेचं झाडही तेवढीच पानं काढतं. अशा वेळी जागा आणि फूल यांच्याकडेच वळावं लागतं.

फांद्यांवर भरवसा का ठेवायचा नाही?

पश्चिमेच्या झाडात शेंड्याला फूल आलं की तो शेंडा संपतो आणि खालून नवे फाटे फुटतात. पूर्वेच्या झाडात शेंडाच दोन भागांत विभागत जातो. नियम असा असला तरी फाटे फुटायला इतरही कारणं असतात. कडक थंडीने शेंडा मरतो. युक्का सोंडकिडा शेंड्यात अंडी घालतो आणि अळ्या आतून पोखरतात. उंदरांनी आणि सशांनी कोवळा भाग खाल्ला तरी तेच. असं झाड मीटरभरातच दुभंगतं आणि पश्चिमेचं असून पूर्वेचं वाटतं.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे अँटिलोप व्हॅलीच्या पश्चिम टोकाकडे आणि टेहाचापीच्या बाजूला ब्रेव्हिफोलियाचे जमिनीखालच्या खोडांनी पसरणारे घोळके. एकाच झाडाची पाच-सहा बुटकी खोडं एका जागेतून उगवलेली दिसतात. एका खोडाचं झाड नाही म्हणून ते जेगेरियाना, असा निष्कर्ष तिथे हमखास चुकतो.

हे मोहावे युक्का तर नाही ना?

हा घोळ दोन जोशुआ ट्रींमधल्या घोळापेक्षा जास्त होतो आणि सोडवायला फार सोपा आहे. पानाची कड पाहा. जोशुआ ट्रीच्या पानाला अगदी बारीक दात असतात. मऊ कापडावरून कडेचा भाग फिरवला तर धागे अडकतात. मोहावे युक्का, म्हणजे युक्का शिडिजेरा, याच्या पानाच्या कडेवरून पांढरे, वळलेले धागे सुटलेले असतात आणि पान पुष्कळ लांब असतं, बहुधा ३० सेंमीपेक्षा जास्त, कधी मीटरभरही. जोशुआ ट्री नॅशनल पार्कमध्ये दोन्ही एकाच पायवाटेवर भेटतात. कडेला धागे दिसले की पुढचं काही मोजायची गरज नाही.

झाड किती वर्षांचं आहे हे कसं काढायचं?

नेमकं काढता येत नाही. हे एकदल झाड, खोडात वर्षाची वलयं पडत नाहीत. वाढ वर्षाला सरासरी ३ सेंमीच्या आसपास असते, त्यामुळे ४ मीटरच्या झाडाचं वय साधारण १३० वर्षं असा हिशोब लोक करतात. अंदाज म्हणून ठीक, पण रोपं सुरुवातीला भरभर वाढतात, दुष्काळात वाढ थांबते आणि मोडलेला शेंडा हिशोबात येत नाही. 'हजार वर्षांचं झाड' अशी पाटी दिसली तर तिला फार मान देऊ नका.

बिया कोण पसरवतं?

आज उंदीर आणि खारी. फळं झाडावरून काढून, बिया जमिनीत पुरून ठेवतात आणि विसरलेल्या उगवतात. त्यामुळे बी झाडापासून फार दूर जात नाही. नेव्हाडातल्या जिप्सम केव्हमध्ये शास्ता ग्राउंड स्लॉथ या नामशेष प्राण्याच्या शेणात जोशुआ ट्रीचे अवशेष सापडले आहेत. पूर्वी बी लांबवर नेणारा हाच असावा असं काही अभ्यासकांना वाटतं. हवामान बदलतंय तसं झाडाला सरकायचं असेल तर उंदराच्या पावलांनी ते किती सरकणार, ही खरी अडचण आहे.

आगीत झाडं का वाचत नाहीत?

वाळलेल्या पानांचा थर खोडाला चिकटून असतो आणि तो ज्योत शेंड्यापर्यंत नेतो. पूर्वी झाडांमधल्या मोकळ्या जमिनीमुळे आग पसरत नसे. आता बाहेरून आलेलं लाल ब्रोम आणि चीटग्रास हे गवत त्या मोकळ्या जागा भरून टाकतं, वाळतं आणि वातीचं काम करतं. ऑगस्ट २०२० मध्ये विजेमुळे लागलेल्या डोम आगीत सिमा डोमवरची ४३,२७३ एकर जमीन जळली. १३ लाखांच्या आसपास झाडं गेली असा अंदाज आहे. २०२३ च्या यॉर्क आगीत त्याच प्रिझर्व्हमधली आणि लगतच्या नेव्हाडातली मिळून आणखी ९३,००० एकर जमीन जळली. हे दोन्ही फटके पूर्वेच्या झाडाला बसले.

काही जळकी झाडं बुंध्याशी कोंब काढतात. अशा झाडाचा आकार अर्थातच ओळखीसाठी निरुपयोगी असतो.

कॅलिफोर्नियातल्या माझ्या आवारात जोशुआ ट्री आहे. तोडता येईल का?

ते पश्चिमेचं असेल तर परवान्याशिवाय नाही. जुलै २०२३ पासून वेस्टर्न जोशुआ ट्री कॉन्झर्व्हेशन ॲक्ट लागू आहे. तोडणं, हलवणं, विकणं, विकत घेणं, राज्याबाहेर नेणं, झाडाचा भाग जवळ ठेवणं, सगळं परवान्यातच येतं. परवाना कॅलिफोर्नियाचं मत्स्य व वन्यजीव खातं देतं, काही ठिकाणी ते अधिकार शहराला किंवा काउंटीला दिलेले असतात, म्हणून आधी तिथे विचारा.

अर्जासोबत झाडांची गणती लागते: किती झाडं, कोणत्या उंचीच्या गटात, फूल-फळ आहे का, आणि फोटो. कायदा आला तेव्हाचे दर ५ मीटर किंवा त्याहून उंच झाडाला २,५०० डॉलर, १ ते ५ मीटरला ५०० आणि १ मीटरहून लहान रोपाला ३४० असे होते. ठरावीक भागांत कमी दर आहेत: १,०००, २०० आणि १५०. दर बदलत असल्याने अर्जाच्या दिवशीचे पाहून घ्या.

लोक कुठे फसतात तर मोजणीत. जमिनीतून वर आलेलं प्रत्येक खोड कायद्याने स्वतंत्र झाड धरलं जातं, मुळाशी ती एकच असली तरी. वर सांगितलेल्या घोळक्यातली २ मीटर उंचीची सहा खोडं म्हणजे पूर्ण दराने सहा वेळा ५००, एकूण ३,००० डॉलर. गवतात लपलेलं वीतभर रोपही मोजायचं असतं. जमीन विकत घेण्याआधी हा हिशोब करून घेतलेला बरा.

मेलेलं झाड किंवा घरावर कललेली फांदी काढायलाही परवाना लागतो, पण इमारतीजवळच्या किंवा धोकादायक झाडासाठी शुल्क भरावं लागत नाही.

पूर्वेच्या झाडाला मग काहीच संरक्षण नाही का?

आहे, पण वेगळं. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी वनस्पतींच्या जुन्या कायद्यात युक्कांचा समावेश आहे, नेव्हाडा आणि ॲरिझोनाचेही स्वतःचे नियम आहेत. केंद्र सरकारच्या मालकीच्या जमिनीवरून परवान्याशिवाय झाड काढता येत नाही आणि नॅशनल पार्कमधून काहीही उचलता येत नाही. ॲरिझोना किंवा नेव्हाडात नर्सरीतून मोठं झाड घेत असाल तर ते कुठून काढलं याचे कागद आणि झाडावरचा टॅग मागा. टॅग नसलेलं झाड स्वस्त मिळालं तर त्यामागे कारण असतं. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या वन्यजीव खात्याने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये दोन्ही जातींना धोक्यातल्या यादीत घालायला नकार दिला, तरी त्याने राज्यांचे कायदे शिथिल होत नाहीत.

बियांपासून रोप करता येईल का?

कायदेशीर मार्गाने बी मिळालं तर उगवणं सोपं आहे, जगवणं अवघड. बी काळं, चपटं असतं आणि त्याला घासावं वा उकळावं लागत नाही. किमान ३० सेंमी खोल कुंडी घ्या, कारण मूळ आधी खाली जातं. तीन भाग जाड वाळू किंवा बारीक खडी आणि एक भाग माती. बी सेंटिमीटरभर खाली, २० ते २५ अंश तापमान, माती ओलसर पण चिकट नाही. एक-दोन आठवड्यांत गवताच्या पात्यासारखं पान वर येतं.

पहिल्या महिन्यात रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडली तर ती बुरशी. कारण जवळजवळ नेहमी जास्त पाणी आणि कोंदट हवा. वरची दोन सेंटिमीटर माती सुकल्याशिवाय पाणी देऊ नका आणि कुंडीखाली बशी ठेवू नका. पहिल्या उन्हाळ्यात दुपारची सावली हवी. रानात ही रोपं एखाद्या झुडपाच्या आडोशाला वाढतात ती याचसाठी. जमिनीत लावाल तेव्हा भोवती जाळी लावा आणि तिची खालची कड मातीत दाबा, नाहीतर ससा एका रात्रीत काम संपवतो. हिवाळ्यात रोप घरात आणू नका, थंडी त्याला हवी असते.

रोपाच्या वयात दोन्ही जाती दिसण्यावरून वेगळ्या करता येत नाहीत. बी कुठल्या भागातलं आहे हे लेबलवर लिहून ठेवा, पुढे तोच पुरावा.

खात्री करून हवी असेल तर कोणते फोटो काढू?

एक फोटो पूर्ण झाडाचा, शेजारी माणूस किंवा काठी उभी करून. एक पहिल्या फाट्याचा, जमिनीपासून टेप लावून. एक पानाचा पट्टीसह आणि एक पानाच्या कडेचा अगदी जवळून. फूल किंवा फळ असेल तर बाजूने घेतलेला, कारण वरून घेतलेल्या फोटोत फुलाची घंटा आहे की गोळा ते कळत नाही. फोनमध्ये जागेची नोंद चालू ठेवा. ॲप सुचवतं ते नाव तेवढ्यावर स्वीकारू नका. आसपासची आणखी तीन-चार झाडंही टिपा, एकटं झाड विचित्र असू शकतं, सगळं रान नसतं. आणि खाली पडलेले ओंडके फोटोसाठी उलटवू नका, त्यांच्याखाली पालींचं घर असतं.

महाराष्ट्रात जोशुआ ट्री लावता येईल का?

कोकणात आणि घाटमाथ्यावर नाद सोडा. झाडाला पाऊस चालतो, पण उबदार रात्री आणि तीन-चार महिने ओली मुळं चालत नाहीत. बुंध्याशी कुज सुरू होते आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो. देशावर, कोरड्या बाजूला, पावसाळाभर छपराखाली कुंडीत काही वर्षं तग धरेल, पण पुरेशा थंडीविना फुलण्याची आशा धरू नये. पतंगही इथे नाही, म्हणजे फळाचा प्रश्नच येत नाही. बी मागवायचं तर आयात परवाना आणि निघालेल्या देशाचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र, दोन्ही लागतात. पश्चिमेच्या झाडाचं बी कॅलिफोर्नियातून आणायला तिथला परवाना वेगळा. सुट्टीवरून येताना बॅगेत चार बिया टाकून आणू नका.

युक्काच हवं असेल तर आपल्याकडच्या नर्सरीत मिळणाऱ्या दोघांपैकी एक घ्या. पानाच्या टोकावर बोट हलकेच ठेवून पाहा. टोक मऊ असेल तर युक्का जायगँशिया, घराच्या आवाराला हेच बरं. टोक सुईसारखं टोचलं तर युक्का ॲलॉइफोलिया. ते कुंपणालगत ठीक, पण लहान मुलांच्या वाटेवर नको. दोन्ही छाटाने लागतात: ३० ते ४५ सेंमीचा खोडाचा तुकडा कापून चार-पाच दिवस सावलीत सुकू द्या, वरचं टोक वरच ठेवून वाळूच्या मिश्रणात १० सेंमी खोचा आणि मुळं धरेपर्यंत पाणी बेताने द्या. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावलेला छाट बहुधा धरतो, जुलैमध्ये लावलेला बहुधा कुजतो.